बुर्गुल अंगी लागेना

सुयोग: न्हाई न्हाई ताई, जाडंच घ्यायचं असतंय. बारकं घेतलं की त्याचा गिच्च गोळा होतोय. हे बगा, दाणा कसा मोकळा हाय. इथं कुवेतच्या जमियात, म्हंजे को-ऑपच्या दुकानात, चार जातीचं बुर्गुल ठेवतेत, पण सीरियाचे लोक हेच उचलतेत. इद्रीसनं शिकवलं मला. आमच्या साइटवरचा फोरमन हाय ना, त्यानं.

अर्चना: बरं, ठेव तिथे ओट्यावर. एवढं पोतंभर कशाला आणलंस रे?

सुयोग: जेवायला बोलावलंय म्हणल्यावर रिकाम्या हातानं यावं का? मिठाई आणली असती, पण तुम्ही पडल्या नर्स. मिठाई बघून मलाच चार शब्द सुनावले असते. म्हणलं, पोटाला चांगली वस्तू नेऊ.

सखाराम: अर्चना, तू झोपली नाय दिसतंस. डोळे बघ कशे झालेत. आमी जेवतंव आणि लगेच निघतंव.

अर्चना: झोपेन की दुपारी. सकाळी आलेय नाइट करून. फक्त जरा हळू बोला, नवरोबा आत झोपलाय, अनिकेतचीपण नाइटच होती. आणि काका, तुम्ही खुर्चीवर बसा. खाली बसलात की उठताना त्रास होतो तुम्हाला.

सखाराम: त्रास कसलो. बसतंय आपलो हयसर.

अर्चना: खुर्चीवर, म्हटलं ना. गावात माझ्या आईच्या शेजारी राहता म्हणून तुम्हाला काका म्हणते, म्हणजे माझं ऐकायचंच नाही असं नाही. पट्टा नवीन घेतलात?

सखाराम: जुनोच आसा.

सुयोग: जुनाच हाय, पण मी त्याला खिळा तापवून नवी भोकं पाडून दिलीत. पँटच थांबंना हो ताई. मी म्हणलं, काका, वेल्डिंग करता करता वरून पँट खाली यायची, आणि खाली उभे पठाण. लाज कुणाची जायची?

सखाराम: तुझी जीभ एक दिस तुका खड्ड्यात घालतली.

सुयोग: जाऊ द्या की. कुणीतरी हसवायला पायजे. रूमवर आमच्या सगळी मेल्यासारखी येतेत ड्यूटीवरून. मीना अब्दुल्ल्याच्या साइटवरून बस निघाली की मेहबुल्यात रूमवर येईपर्यंत सगळ्यांच्या माना पडलेल्या. काकांची तर आधी पडती. आधी असं न्हवतं हां. आधी काका बसमध्ये सगळ्यांची टिंगल करायचे.

अर्चना: आता काय देतोस तू त्यांना खायला?

सुयोग: ते मात्र विचारा. तिथं कमी पडू दिलं न्हाई मी. मागच्या वर्षी ह्यांच्या रूमवर आलो तेव्हा बघितलं, काका नुसते चहा आन् खुबूसच्या रोटीवर जगायले होते. म्हणलं, असं चालणार न्हाई. तेव्हापासून स्वैपाक माझ्याकडं. सकाळी बुर्गुलचा उपमा, वरून भाज्या. डब्यात मसूर आन् बुर्गुल, इद्रीसच्या बायकोच्या पद्धतीनं, वरून परतलेला कांदा. रात्री लापशी. गूळ, तूप, थोडं दूध. आमच्या लातूरकडं आजारी माणसाला लापशीच देतेत. दलिया मिळतोय इथं, पण बुर्गुल त्याच्यापेक्षा हलकं.

अर्चना: हलकं कसं?

सुयोग: कसं म्हंजे, गहू आधी उकडतेत, मग वाळवतेत, मग भरडतेत. एकदा शिजून आलेलं असतंय ते. मग आपल्याला शिजवायला वेळ लागत न्हाई, पोटाला पचवायला वेळ लागत न्हाई. कोंडा बराचसा तसाच राहतोय, म्हणून पोट साफ. वर लोखंड हाय त्याच्यात. काय ते मॅग्नेशियम हाय. भातापेक्षा प्रोटीन जादा. मी मोबाईलवर समदं वाचून काढलंय. चुकलं का काही?

अर्चना: नाही. काहीच चुकलं नाही. आमच्या डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये डाएटिशियन रोज हेच सांगते. भात कमी करा, बुर्गुल खा. फायबर भाताच्या कितीतरी पट. साखर हळूहळू चढते. फोलेट असतं. पोट भरलेलं राहतं. मी स्वतः नाइटला डब्यात तेच नेते.

सुयोग: बघा काका. ऐकलं का? आन् तुम्ही म्हणता, रोज रोज काय तेच.

सखाराम: मी खंय म्हणतंय. गप खातंय मा?

सुयोग: खातेत हो ताई. ते कबूल करायला पायजे. शेवटी शेवटी तर मागून घ्यायलेत. महिना-दीड महिना झाला असंल, स्वतःहून म्हणतेत, घाल अजून. पण अंगीच लागंना. काय खाल्लेलं कुठं जातंय कळंना. पोट तर असलं बिघडतंय की विचारू नका. रात्री ह्यांच्याच फेऱ्या चालू.

अर्चना: महिना-दीड महिना.

सुयोग: हां. त्या दुर्बिणीच्या तपासणीनंतर. फर्वानियाच्या त्या दवाखान्यात घशातून नळी घातली होती ना, तेव्हापासून.

अर्चना: काका, त्या तपासणीचा रिझल्ट आला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?

सखाराम: कोण?

अर्चना: डॉक्टर. ज्यांनी नळी घातली ते.

सखाराम: तो मिसरी, इजिप्तचो. अर्धा अरबीत बोललो, अर्धा इंग्लिशीत. माका काय समाजणार? म्हणालो, अशक्तपणा आसा.

अर्चना: आणि नर्स? जवेरिया?

सखाराम: ती उर्दूत बोलता. पटापट बोलता.

अर्चना: काका, तुम्ही इतकी वर्षं पठाणांबरोबर काम करताय. उर्दूत भांडता. परवाच फोनवर कुणाला तरी उर्दूतून असं झापत होतात की मी फोन कानापासून लांब धरला.

सखाराम: भांडूक येगळी भाषा लागता.

सुयोग: काय झालंय ताई? काय म्हणाला डॉक्टर? मला तर काकांनी सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल हाय, खाणंपिणं वाढवा.

अर्चना: असं सांगितलं?

सुयोग: म्हणून तर मी लापशीत तूप वाढवलं.

अर्चना: सुयोग, बस तू पण. मी आज तुम्हाला उगाच नाही बोलावलं. जवेरिया माझ्याबरोबर आधी एका वॉर्डात होती. ती परवा को-ऑपमध्ये भेटली. म्हणाली, तुझे गाववाले चाचा कसे आहेत, परत आलेच नाहीत दाखवायला. मी म्हटलं, अजून वजन उतरतंय. तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, असं कसं, मी त्यांना परत परत समजावलंय. चपाती बंद, खुबूस बंद, रवा, शेवया, बिस्किट, हरीस, बुर्गुल, सगळं बंद. गव्हाचा एक कणसुद्धा नाही.

सुयोग: गव्हाचा?

अर्चना: काकांना सिलिअॅक नावाचा आजार आहे. कणीक मळल्यावर ती ताणली जाते बघ, चिकट होते, तो जो गव्हातला भाग असतो ना, तो ह्यांच्या आतड्यांना सोसत नाही. आतड्याला आतून लव असते, मखमलीसारखी. तीच अन्न शोषून घेते. गहू पोटात गेला की ह्यांचं स्वतःचं शरीरच ती लव झडवून टाकतं. मग कितीही चांगलं खा, अंगी लागत नाही. लोह नाही, कॅल्शियम नाही, काही नाही. जाऊन दुसऱ्या टोकानं बाहेर.

सुयोग: म्हंजे बुर्गुल.

अर्चना: बुर्गुल म्हणजे गहूच की. तूच म्हणालास आत्ता. उकडला, वाळवला, भरडला, तरी गहू तो गहूच. तुझ्यासाठी चांगला, माझ्यासाठी चांगला. ह्यांच्यासाठी नाही.

सुयोग: म्हंजे मी सकाळ, दुपार, संध्याकाळ...

अर्चना: तुला माहीत नव्हतं.

सुयोग: मला माहीत न्हवतं. पण ह्यांना तर सांगितलं होतं ना त्या बाईनं? काका, बोला की. तुम्हाला कळलं न्हवतं का खरंच?

सखाराम: अर्चना, भात झालो मा गो तुझो? वास येता.

अर्चना: होईल. कुकर उतरलाय. तुम्ही आधी ह्याला उत्तर द्या.

सुयोग: माझ्याकडं बघा काका.

सखाराम: समाजला होता.

सुयोग: काय?

सखाराम: सगळा समाजला होता. जवेरिया बरी बाई. बाजूक बसान सांगलान. चाचा, गेहूँ छोड़ो, चावल खाओ, मछली खाओ, इतना करो तो बिलकुल ठीक हो जाओगे. मी म्हटलंय, बिलकुल? म्हणाली, बिलकुल. कामपण छोड़ने की जरूरत नहीं. मगे मी भायर इलंय आणि बसची वाट बघत उभो रवलंय. आजार बरो होणारो आसा म्हटल्यावर माणसाक बरा वाटता. मी मात्र इलेली बस तशीच जावक दिलंय रे.

सुयोग: मग मी घालत होतो तेव्हा तुम्ही नको का म्हणला न्हाई?

सखाराम: कित्या म्हणू?

सुयोग: कित्या म्हंजे? मी पहाटे उठतोय काका. समदे झोपलेले असतेत, मी कांदा चिरतोय. माझी माय गेली तेव्हा मी ह्या वाळवंटात होतो. तिला शेवटचा घास भरवता आला न्हाई मला. तुम्ही आजारी पडला तेव्हा म्हणलं, देवानं एक माणूस दिलंय करायला. आन् तुम्ही माझ्याच हातानं... असं करतेत का कुणी? मला काय वाटंल, ह्याचा इचार तरी केला का तुम्ही?

सखाराम: तुझ्या हाताक चव आसा. ता खोटा नाय.

सुयोग: मला चव सांगू नका आता.

अर्चना: सुयोग, हळू. काका, मला एक सांगा. तुम्ही मुद्दाम आजारी राहिलात?

सखाराम: मुद्दाम कोण आजारी पडता गो. आजार आपसूक इलो. मी फक्त त्येका जावक दिलंय नाय.

अर्चना: का?

सखाराम: तारा येवा म्हणाली.

अर्चना: काकी म्हणाल्या?

सखाराम: तुका म्हायत आसा सगळा. मी हंय इलंय तेवा माझी लेक अक्षरा जन्माक पण येवची होती. दर खेपेक सुटीवर गेलंय की इचारी, तारा, आता रवान जाव? ती म्हणी, घराचा तेवढा होऊ दे. घर झाला. मगे थोरल्या झिलाच्या दुकानाचा होऊ दे. ता झाला. मगे अक्षराचा नर्सिंग. तिचा चुकला नाय हां. थंय ती एकटी सगळा बघता, माझ्या आवशीचा दुखणा काढल्यान, सगळा केल्यान. ती म्हणता ता बरोबरच आसता. पण ह्या मे महिन्यात व्हिडिओवर माझा तोंड बघल्यान आणि रडाक लागली. म्हणाली, माका आता कायएक नको. अक्षराचा काय होवचा ता होयत. तुमी येवा.

अर्चना: हं.

सखाराम: येवा म्हणाली गो. पयल्यांदा. आता तूच सांग, मी बरो झालंय तर ता येवा खंय रवतला?

सुयोग: म्हणून बुर्गुल मागून घ्यायले होते.

सखाराम: पुढच्या आयतवारी कंपनीक राजीनाम्याचो कागद देवचो होतो. तोपर्यंत तेवढा तोंड वायच सुकलेला रवाक व्हया. व्हिडिओवर तिका सगळा दिसता.

सुयोग: आन् परवा पाइपरॅकवर चक्कर आली ती? ताई, तुम्हाला ते न्हाई सांगितलं ह्यांनी. वर होते, वेल्डिंगची कांडी हातात. मी खाली केबल ओढत होतो. वर बघितलं तर काका एका हातानं पाइप धरून डोळे मिटून उभे. सेफ्टी बेल्टचा हूक होता म्हणून वाचले. नसता तर?

सखाराम: होतो मा हूक.

सुयोग: हूक होता म्हणून आज तुम्ही भाताचा वास घ्यायलाव.

अर्चना: तुमचं हिमोग्लोबिन किती खाली आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला? असंच चालू ठेवलंत तर हाडं ठिसूळ होतात. साधं पाय घसरून पडलात तरी मोडतील. काकींनी ‘या’ म्हटलं ते तुम्हाला बघायला म्हटलं. विमानातून पेटी उतरवून घ्यायला नाही.

सखाराम: असा वंगाळ बोला नको गो.

अर्चना: मग कसं बोलू? रात्रभर वॉर्डात लोक कुठून कुठून आयुष्य ओढून धरत असतात, ते बघून आलेय मी. आणि इथे माझेच काका लापशी खाऊन जीव घालवतायत.

सखाराम: तू दमलीस म्हणान चिडचिड करतंस.

अर्चना: दमलेच आहे. अनिकेत दमलाय. आम्ही एका घरात राहतो आणि एकमेकांना झोपलेलेच बघतो. सुयोग दमलाय, तो जोक मारतो म्हणून कळत नाही. सगळेच दमलेत इथे. पण दमलोय तर दमलोय म्हणावं. त्याला आजार कशाला लागतो?

सखाराम: लागता. आजारी माणसाक घराकडे बोलावतत. दमलेल्या माणसाक कोण बोलावता?

सुयोग: बोलवत न्हाईत. ते खरंय.

अर्चना: तू गप रे.

सुयोग: न्हाई, खरं ते खरंय ताई. मी बापाला म्हणलो होतो, कंटाळा आलाय, येतो. तर म्हणतोय, एसीत झोपतोस की रे, कसला कंटाळा.

अर्चना: काका, एक गोष्ट मला आत्ता लक्षात येतेय. तुम्ही दर सुटीत गावाला गेलात की बरे होऊन यायचात. गालावर मांस घेऊन यायचात. आई म्हणायची, सखारामाला कुवेत मानवत नाही, तिथलं पाणी बाधतं.

सखाराम: तारा म्हणी, दृष्ट लागता. विमानातसून उतारलंय की मीठ-मोहऱ्या ओवाळी.

अर्चना: गावाला तुम्ही काय खाता?

सखाराम: काय खातलंय? सकाळी पेज. दुपारी भात, माशाची कढी. रात्री तांदळाची भाकरी, नायतर कुळथाची पिठी आणि भात. चपाती आमच्याकडे पावण्यांक.

अर्चना: बघा. दृष्ट नाही, पाणी नाही. तिकडे गहू नव्हता आणि इथे खुबूस होता, एवढंच. इतकी वर्षं थोडं थोडं चाललं होतं. मग सुयोगनं चांगलं म्हणून तीन वेळा बुर्गुल सुरू केलं आणि सगळं एकदम वर आलं.

सुयोग: माझं नाव घालायलाच पायजे का त्यात?

अर्चना: तू केलं नसतंस तर अजून दहा वर्षं कळलं नसतं. तसंही बघ.

सखाराम: ताराक ह्या सांगा नको.

अर्चना: काय नको?

सखाराम: गव्हाचा. ती समाजता, मी हंय आजारी पडतंय ता घर नाय, माणसा नाय म्हणान. थंय गेलंय की तिच्या हातचा खावन बरो होतंय, असा तिका वाटता. माका पण तसाच वाटा होता. आता तिका सांगायचा, तुझ्या हाताचा काय नाय, तांदळाचा होता?

अर्चना: सांगायला लागेल काका. नाहीतर तुम्ही घरी गेल्यावर काकी लाडानं शिरा करून घालतील. गव्हाची खीर करतील. मग?

सखाराम: मगे काय. खायन.

अर्चना: नाही. मी ऐकणार नाही. फोन मीच लावते. तुम्ही त्यांना खरं सांगा. आजाराचं पण, आणि दुसरं पण. दमलोय म्हणून सांगा. तेवढं एकदा सांगून तर बघा.

सखाराम: आज नको गो.

अर्चना: आजच. मी समोर आहे, सुयोग समोर आहे. नाहीतर तुम्ही रूमवर जाऊन पुन्हा लापशी घ्याल.

सुयोग: मी देणारच न्हाई. भांडं घासूनपुसून मी वेगळं ठेवणार. चमचासुद्धा वेगळा.

(अर्चना स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावते आणि आवाज मोठा करून तो टेबलावर मधोमध ठेवते. सखाराम शर्टाचं वरचं बटण लावतात, व्हिडिओ नसला तरी.)

तारा: हॅलो? अर्चना? गो बाय, ह्या येळेक फोन? ह्येंका काय झाला?

अर्चना: काही नाही झालं काकी. काका इथे माझ्याकडेच बसलेत जेवायला. बोला त्यांच्याशी.

सखाराम: तारा.

तारा: ओ. बरे आसात मा?

सखाराम: आसंय. आजार गावलो.

तारा: काय आसा? माका खरा सांगा हां. लपवू नका. मोठो आसा?

सखाराम: गव्हाचो.

तारा: गव्हाचो? असो खंयचो आजार?

सखाराम: गहू सोसणा नाय माका. चपाती, खुबूस, लापशी, काय चलाचा नाय. पोटात गेला की आतसून सगळा झडता.

तारा: अर्चना, खरा सांगतत हे?

अर्चना: खरं आहे काकी. तपासणी झालीय. गहू पूर्ण बंद केला की बरे होतील. भात, भाकरी, मासे, सगळं चालतं.

तारा: औषध?

अर्चना: रक्त भरून यायला गोळ्या देतील. बाकी काही नाही.

तारा: ऑपरेशन नाय?

अर्चना: नाही.

तारा: नुसतो गहू सोडलो की झाला?

अर्चना: हो. पण अगदी पक्का सोडायचा. तिकडे आल्यावरसुद्धा. सणाला, लग्नाला, कुठेच नाही.

तारा: वायच थांब गो. डोळे पुसतंय. रवळनाथाक गाऱ्हाणा घातलंलंय मी. कायबाय मनात येय. रात्री झोप नाय. शेजारचे म्हणी, असा सुकत गेलेला माणूस काय रवता? आणि निघाला काय, तर गहू.

सखाराम: रडा नको गो.

तारा: रडणंय नाय, हसू येता माका. मगे म्हणान हंय इल्यावर बरे होय होतात. हंय भात मा. आणि मी आपली...

सखाराम: काय?

तारा: काय नाय. मी म्हणी होतंय, घराकडे इल्यावर माणसांत बरा वाटता तुमका. ता जावंदे. बरे होतलात मा, झाला. अक्षराक आताच सांगतंय, ती पण रडा होती. कॉलेज सोडतंय म्हणी होती.

सखाराम: कॉलेज कित्या सोडता ती?

तारा: तुमी येवक लागलास म्हणान. म्हटल्यान, बाबांका बघूक कोण तरी घरात व्हया, आणि पैशाचीय ओढाताण. आता नको सोडूक. आता तुमका घायघायन येवची गरज नाय. तिचा शेवटचा वरस, तेवढा पुरा होऊ दे. तुमी भात खावा, बरे होवा, मगे सावकाश येवा.

सखाराम: तारा.

तारा: ओ?

सखाराम: मी दमलंय गो.

तारा: दमतलातच. अंगात रगात नाय, खाल्लेला अंगाक लागणा नाय, माणूस दमतलो नाय तर काय? आता बघा, चार दिसांत हुशारी येतली. ह्या सगळा त्या मेल्या गव्हानच केला. अर्चना, त्येंका पोटभर वाढ गो. आणि तो सुयोग आसा मा, लातूरचो? त्येका सांग, मी त्येका आशीर्वाद दिलंय. माझ्या घोवाक इतके दिस करून घालता.

सुयोग: हां काकी.

तारा: ठेवतंय. अक्षराक सांगतंय आधी.

सखाराम: ठेव.

सुयोग: आशीर्वाद दिला मला. मी तोंड कुठं लपवू आता?

सखाराम: घे तो. तुझोच आसा.

अर्चना: काका, मी परत लावू का? त्यांना कळलंच नाही तुम्ही काय म्हणालात ते. मी नीट समजावून सांगते.

सखाराम: नको. कधीपासून तिका असा हसताना आयकलंय नाय. हसांदे आज.

अर्चना: पण तुम्ही सांगितलंत ना. पहिल्यांदा सांगितलंत. आणि त्या म्हणतात, गव्हामुळे.

सखाराम: तिचा काय चुकला? डोळ्यांदेखत आजार आसा, पयलो तोच ऐकू येतलो. वाढ तू. भात वाढ. सुयोग, तू पण बस रे, कित्या उभो रवलंस. माका बरा होवक व्हया आता.

सुयोग: खरंच? मग सोडलं ना बुर्गुल?

सखाराम: सोडलंय. आज सोडलंय.

अर्चना: काकांसाठी एवढा पुरे का भात?

सखाराम: अजून घाल. लवकर बरो होवचा आसा माका. बरो झालंय की तिका परत फोन करतंय, आणि दमलंय ताच परत सांगतंय. तेवा मधी आजार नसतलो.